वरच्या फळीवरची वाटी

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा मसाले आपला कारभार आपणच पाहत. खालच्या फळीवर, बरण्यांमध्ये, दाणे मोजून निर्णय होई, म्हणून नेहमी मोहरीचंच चाले. हिंगाचा खडा एकटा, त्याचं मतही एकच. पण तो निर्णय वरच्या फळीवरच्या मिसळणाच्या डब्यातही मंजूर व्हावा लागे, आणि तिथे प्रत्येक बरणीने धाडलेली एकेकच वाटी असे.

एकदा मोहरीने ठरवलं, "ओल फार झाली. सगळ्यांनी झाकणं काढून आठवडाभर गच्चीत उन्हात बसायचं."

खड्याला धडकी भरली. वास उडाला की तो नुसता दगडच! त्याने वर हाक मारली, "पोरी, बोल की काहीतरी!"

हिंगपूड डब्यात नवीनच होती. ती कुजबुजली, "बाबा, इथे सगळे इतकं छान वागवतात. नाही कसं म्हणू?"

"अगं, तुला बरणीने धाडलंय. बरणीचं म्हणणं सांग."

हिंगपुडीने घसा खाकरला. "आमच्या बरणीला हे मान्य नाही. आमचा वास जाईल."

"लाखभर दाण्यांनी ठरवलंय म्हटलं!" मोहरीची वाटी उसळली.

"इथे वाट्या मोजतात, बाई," हळद म्हणाली. "आमच्या हळकुंडांचाही निरोप आहे, रंग विटेल म्हणून." तिखटाने आणि जिऱ्यानेही मान डोलावली. ठरलं, उन्हात एकट्या मोहरीने बसायचं.

आठवड्याने फोडणीत मोहरी नेहमीसारखी मोठ्याने तडतडली. मग चिमूटभर हिंगपूड पडली आणि शेजारच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, "काय गं, आज आमटी वाटतं?"

मोहरी जरा सरकली. "बरं झालं हो, झाकण ठेवलंत ते."