उपरण्याखालची खरेदी

तगर नगरात राजा सुषेण राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने एका हमालाच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव सोमिल. नगरातल्या मोठ्या पेठेत श्रेष्ठी पूर्णकाचे कापडाचे दुकान होते. सोमिल तिथे आधी गाठोडी उतरवायला लागला, मग ती सोडायला लागला, आणि पुढे नुसता हात फिरवून कोणते कापड कोणत्या गावचे ते सांगायला लागला. तेव्हा श्रेष्ठीने त्याला खरेदीवर घेतले. पुढच्या हंगामात नगराला काय आवडेल ते आधी ओळखायचे आणि गावोगावच्या बाजारांतून ते आणायचे, हे त्याचे काम झाले.

त्याच दुकानात नंदिक नावाचा दुसरा खरेदीदार होता. सोमिलपेक्षा लहान, बोलायला चटपटीत, नजरेचा पक्का. मनाने वाईट नव्हता. पण वडील लवकर गेले होते, आईने लोकांची दळणे दळून त्याला वाढवले होते, आणि मुख्य खरेदीदाराच्या पदाची अंगठी आपल्या बोटात तिने पाहावी, एवढी एकच इच्छा तो कित्येक वर्षे उराशी धरून होता.

जुना मुख्य खरेदीदार थकला तेव्हा श्रेष्ठीने दोघांना बोलावले. "लग्नसराई तोंडावर आली. नदीकाठच्या बाजारातून जो सरस खरेदी करून येईल, अंगठी त्याची."

त्या बाजारात भाव तोंडाने सांगत नसत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसत, हातांवर उपरणे टाकत आणि खाली एकमेकांची बोटे दाबत. बोट धरले की भाव चढला, सोडले की उतरला. मूठ मिटली की सौदा पक्का. मग तो राजालाही मोडता येत नसे.

वेळुग्रामच्या विणकरांचे कापड रेवती नावाची म्हातारी विकायला आणी. ते इतके तलम असे की गवतावर पसरले तर खालची पाती मोजता यावीत. नंदिकने आधी तिला गाठले. उपरण्याखाली तिने भाव सांगितला आणि त्याला हसू दाबावे लागले, इतका तो कमी होता. तरी सवयीने त्याने आणखी एक बोट सोडायला लावले. म्हातारी क्षणभर थांबली. मग तिने मूठ मिटली. अर्धे कापड नंदिकचे झाले.

उरलेल्या अर्ध्यासाठी सोमिल बसला. नंदिक कडेला उभा राहून बघत होता. थोड्या वेळाने उपरणे हलायला लागले, मग चांगलेच हिसके बसायला लागले. आजूबाजूचे व्यापारी जमले.

"अरे, भाव चाललाय का कुस्ती?" एक जण ओरडला.

"सोमिल, म्हातारीचं बोट मोडशील हं!"

रेवती वैतागली. "बाबा, नवीन आहेस का तू? कळत नाही का तुला मी काय सांगतेय ते?"

"कळतंय, माय," सोमिल म्हणाला. "मी काय सांगतोय ते तू नीट बघ."

उपरणे एकदम स्थिर झाले. म्हातारीचा चेहरा बदलला. तिने सोमिलकडे पाहिले, पुष्कळ वेळ पाहिले, आणि मूठ मिटली.

परतीच्या वाटेवर नंदिकने गाडीत विचारलेच. "दादा, किती खाली आणलंस तिला?"

"खाली नाही. वर नेलं."

नंदिकला वाटले, थट्टा चालली आहे. "वर? विकणारी उतरतेय आणि घेणारा चढतोय? असं कुणी करतं का?"

"तिचा हात तुझ्या हातात होता ना?" सोमिल म्हणाला. "विणणाऱ्या बाईचा हात, पण घट्टे पार मऊ पडलेले. माग बंद आहेत रे त्यांचे. सूत घ्यायलाही काही उरलेलं नसणार. शेवटचं कापड होतं ते."

तोच हात नंदिकनेही धरला होता आणि त्याला फक्त भाव कळला होता.

दुकानात दोन्ही गाठोडी उघडली गेली. कापड एकच, भाव वेगळे. श्रेष्ठी रागावला. "सोमिल, माझं धन तू वाटत सुटलास?"

"नगरात विकून तुमचा नफा राहतो, श्रेष्ठी. थोडा कमी, पण राहतो. विणकर विणत राहिले तर पुढेही राहील."

"पुढचं पुढे," श्रेष्ठी म्हणाला, आणि अंगठी नंदिकला दिली. घरी आईने ती अंगठी आपल्या गालाला लावली. सोमिल दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा गाठोडी तपासायला आला. त्याच्या चेहऱ्यावर नंदिकने खूप शोधले, पण खंत सापडली नाही.

पुढच्या हंगामात वेळुग्रामचे कापड बाजारात आलेच नाही. लग्नघरे दुकानात येऊन तेच मागत होती. शेवटी नंदिक स्वतः त्या गावाला निघाला. गाव दिसायच्या आधी त्याला आवाज ऐकू आला. घराघरांतून माग चालू होते. जमीन हळूहळू धडधडत होती, जणू तिच्या पोटात काळीज आहे. तो गाडीतून उतरला आणि कुणी सांगितले नसताना पायातल्या वहाणा काढून चालू लागला.

रेवतीने त्याला ओळखले. "ये. दुसऱ्या पेठांची माणसं दारात येऊन गेली, जास्त भाव घेऊन. त्यांना नाही म्हटलं. तुमच्या दुकानचं ठेवलंय, म्हणून बाजारात आलो नाही."

"माय, मी तर तुला आणखी दाबलं होतं."

"दाबलंस. तुझ्या मोलात देणी भागली. त्याच्या मोलात सूत आलं." तिने कापडाच्या घड्या त्याच्यापुढे ठेवल्या. "त्या दिवशी मला वाटलं, याला बोटं कळत नाहीत. मग वाटलं, वेडा आहे. आणि मग, बाबा, मला भीतीच वाटली. असा माणूस समोर बसलाय आणि आपण त्याच्यावर ओरडलो!"

नंदिकने तिच्या पायांवर डोके ठेवले.

तगरला पोचताच तो आधी घरी गेला, मग दुकानात. श्रेष्ठीला वेळुग्रामची हकीकत सांगून त्याने अंगठी काढली आणि सोमिलच्या हातावर ठेवली.

"अरे, तुझ्या आईला काय वाटेल?" सोमिलने विचारले.

"तिला सगळं सांगूनच आलो. ती म्हणाली, मग अजून बोटात कशी?"

श्रेष्ठी उठून उभा राहिला. त्या दुकानात मालक नोकरासाठी उभा राहिल्याचे कुणी कधी पाहिले नव्हते.

भिक्खूंना ही कथा सांगून झाल्यावर त्यांचे गुरू, शास्ता, म्हणाले, "भिक्खूंनो, त्या वेळचा श्रेष्ठी पूर्णक म्हणजे आजचा सारिपुत्त. रेवती ती उत्पलवर्णा. नंदिक तो आपला आनंद. आणि सोमिल मीच होतो. समोरच्याची अडचण हाती आली असता ती न पिळता सांभाळणे, हीच मैत्री. त्या जन्मी मी मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता, जोपासली."