मॉनिटरवरचा रुमाल

“नवस बोललीस तेव्हा देवीला सांगितलं होतंस का, मॉनिटर किती इंची घेणार ते?”

दस्तगीर मास्तरांनी हे विचारलं आणि हेमलताला हसू आलं. पण ते ओठांपर्यंत येऊन थांबलं.

नवस तिला काल बोलल्यासारखा आठवत होता. अकरा वर्षं झाली त्याला. मुक्ता सातव्या महिन्यातच झाली होती आणि दवाखान्यात काचेच्या पेटीत निजली होती, एवढीशी. हेमलता त्या काचेला कपाळ टेकून म्हणाली होती, “जिवतीमाय, ही पोर माझ्या मांडीवर दे. आमच्या घरची श्रावणातल्या शुक्रवारची कहाणी मी मोडू देणार नाही. बयोआत्यांच्या तोंडची, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, जशीच्या तशी पुढच्यांच्या हाती देईन.”

मुक्ता मांडीवर आली. आता तर ती मांडीवर मावतही नव्हती.

नवस मात्र तसाच राहिला होता.

बयोआत्या म्हणजे हेमलताच्या सासऱ्यांची बहीण. सत्त्याऐंशी वर्षांच्या. त्या सांगायच्या ती कहाणी कुठल्या पुस्तकात नव्हती, आणि लिहून घ्यायला कुणी वही उघडली की आत्या पदर तोंडाला लावून गप्प बसायच्या. “वहीला कान असतात का गं?” म्हणायच्या. या आषाढापासून त्यांचा आवाज बसत चालला होता. बोलता बोलता दम लागायचा. पुढच्या श्रावणाचं कुणी सांगावं?

म्हणून हेमलतानं कॅमेरा शिकायचं मनावर घेतलं. मिरजेत मास्तरांचा स्टुडिओ होता. चाळीस वर्षं लग्नांचं शूटिंग करून आता ते महिला मंडळात बायकांना शिकवायचे. वर्गात चौदा जणी होत्या. मास्तर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, “फ्रेम लावावी ती हेमानं.” तेव्हापासून हेमलताची मान थोडी ताठ झाली होती. थोडीशीच. पण झाली होती.

आज गुरुवार. उद्या श्रावणातला शेवटचा शुक्रवार.

टेबलावर दोन खोकी होती. एकात कॅमेऱ्याला जोडायचा पाच इंची मॉनिटर, दुसऱ्यात सात इंची. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या रावसाहेबाकडून तिनं दोन्ही आणले होते, वापरून बघायला.

“चेष्टा नको मास्तर,” ती म्हणाली. “तीन शुक्रवार वाया गेले माझे.”

“सांग.”

“आत्यांच्या खोलीत अंधार, म्हणून परसात बसवते. तिथं ऊन. पहिल्या शुक्रवारी कॅमेऱ्याच्या टीचभर पडद्यावर काही दिसेना. घरात येऊन बघते तर आत्या धूसर, नि मागची कण्हेर लख्ख. त्यात कहाणीच्या मधेच थांबलेल्या.”

“मग?”

“मग हा पाच इंची लावला. उन्हात हाही फिका पडतो, सारखं वाकून बघावं लागतं. माझी ती गडबड बघून आत्या पुन्हा मधेच थांबल्या. मग हा सात इंची. काय सांगू मास्तर! भर दुपारी आरशासारखा. जे साफ आहे त्याच्या कडा लाल दिसतात. आत्यांची पापणी न् पापणी लाल. पण जड आहे, कॅमेरा पुढे झुकतो. आणि…”

“आणि?”

“आत्या परत थांबल्या.”

मास्तरांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. बोलताना मान जरा तिरपी करून डाव्या डोळ्यानं बघायचे.

हेमलतानं पिशवीतून कागद काढला. “मी सगळं लिहून आणलंय. उजेड कुणाचा किती, वजन किती, बॅटरी किती वेळ टिकते. तुम्ही फक्त सांगा, पाच की सात? की आणखी कुठला? उद्या चुकले तर…”

मास्तरांनी कागद घेतला. घडी घालून खिशात ठेवला. वाचला नाही.

“स्टँड लाव,” ते म्हणाले. “मोठा मॉनिटर जोड. हेडफोन घाल. आत्यांना घेतेस तसं मला घे.”

“आत्ता?”

“मी सांगतो काहीतरी. तू घे.”

ते दारातल्या स्टुलावर उन्हात जाऊन बसले. हेमलताचे हात सराईत होते. स्टँड उघडलं, कॅमेरा बसला, वर सात इंची मॉनिटर चढला, केबल लागली. मॉनिटरवर मास्तरांच्या पांढऱ्या भुवया लाल कडांनी उजळल्या. तिला बरं वाटलं. सुंदर फ्रेम होती.

“चालू,” ती म्हणाली.

“आमच्या गल्लीत एक आंधळा पेटीवाला राहायचा,” मास्तर सांगू लागले. “हार्मोनियम दुरुस्त करायचा. मी नवा कॅमेरा घेतला, तसा त्याला दाखवायला गेलो. गाढवच मी. आंधळ्याला कॅमेरा दाखवायला गेलो. त्यानं तो हातात घेतला, चाचपला, आणि मला एक विचारलं…”

मास्तर थांबले.

हेमलतानं फोकसची कडी केसभर फिरवली. डाव्या भुवईची लाली जरा उतरली होती. ती परत आली.

मास्तर अजून गप्पच होते.

तिनं हात हलवून खूण केली. पुढं चला.

शेवटी तिनं हेडफोन कानांवरून खाली ओढले. “बोला ना मास्तर. चालू आहे.”

“त्यानं मला काय विचारलं?”

“तुम्ही सांगितलंच नाही अजून.”

“तू विचारलंच नाहीस.”

हेमलता गोंधळली. “पण शूटिंग चालू असताना बोलायचं नाही! तुम्हीच शिकवलंत. पहिल्या दिवशी. ‘कॅमेरा चालू झाला की श्वाससुद्धा हळू घ्या, बायांनो.’ वहीत लिहिलंय माझ्या.”

मास्तरांचा चेहरा उतरला.

ते आपल्या पायांतल्या चपलांकडे बघू लागले.

“होय,” ते म्हणाले. “मीच शिकवलं.”

मग त्यांनी वर पाहिलं. “आत्या कुठं थांबतात, हेमा?”

“दर वेळी एकाच जागी. जिवती गावात येते. घराघरांत बाया कामात असतात. कुणी दळतंय, कुणी निवडतंय. जिवती एका दाराशी उभी राहते आणि विचारते, ‘कुणी आहे का गं घरात?’ बस. तिथंच आत्या थांबतात. माझ्याकडं बघत राहतात. मला वाटलं, पुढचं विसरल्या.”

“पूर्वी त्या जागी काय व्हायचं? कॅमेरा नव्हता तेव्हा?”

“पूर्वी? पूर्वी आम्ही सगळ्या बायका पाटाभोवती बसायचो. मुठीत अक्षता. आत्या म्हणायच्या, ‘कुणी आहे का गं घरात?’ की आम्ही सगळ्या…”

तिनं एकदम तोंडावर हात धरला.

“आम्ही सगळ्या म्हणायचो, ‘आहे, आहे.’ मग पुढची कहाणी.”

“आणि आता?”

“आता मी एकटीच असते. आवाज नको म्हणून मीच बाकीच्यांना येऊ देत नाही. आणि माझ्या कानात हेडफोन होते, मास्तर. डोळे मॉनिटरवर. मी… मी हातानं खूण केली त्यांना. पुढं चला म्हणून.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“म्हणजे जिवती तीन शुक्रवार दारातच उभी आहे म्हण की,” मास्तर हळूच म्हणाले. “पायाला गोळे आले असतील बिचारीच्या.”

रडता रडता हेमलता हसली. मग परत रडली.

मास्तरांनी तिला रडू दिलं. उठून माठातलं पाणी दिलं. मग दोन्ही मॉनिटर टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एकेक तळहातावर तोलून पाहिला.

“आत्या बसतात कशा? हलतात?”

“पाटावर. मांडी घालून. एकदा बसल्या की देवळातल्या मूर्तीसारख्या.”

“मग अ‍ॅपर्चर बारीक कर, लेन्सचं भोक लहान. ऊन भरपूर आहे तुझ्याकडे. नाकापासून अंबाड्यापर्यंत सगळं साफ येईल. फोकस कहाणीच्या आधी बांधून टाक. मॉनिटर लेन्सच्या वर नको, बाजूला, खालच्या अंगाला. वर बसवलास तर आत्यांना तुझं तोंडच दिसत नाही. एक काळी पाटी दिसते आणि पाटीला दोन कान.”

“कान?”

“हेडफोन तुझे.”

“म्हणजे पाच इंची घेऊ? पण तो उन्हात दिसत नाही ना, मास्तर. मधेच फोकस गेला तर कळणार कसं?”

मास्तरांनी खांद्यावरचा चौकड्यांचा रुमाल काढला आणि पाच इंची मॉनिटरवर टाकला. मॉनिटर झाकून गेला. मग तोच रुमाल उचलून सात इंचीवर टाकला. तोही झाकून गेला.

“कळणार नाही,” ते म्हणाले.

“मग मॉनिटर घ्यायचा तरी कशाला?”

“आधी बघायला. नंतर झाकायला.”

“पण कुठला घेऊ?”

“ज्याच्यावर हा रुमाल टाकताना तुझा जीव खालीवर होणार नाही, तो घे.”

हेमलता दोन्ही खोक्यांकडे बघत राहिली. सात इंचीवरचा रुमाल तिला उचलावासा वाटत होता. आत्ताच, नुसता एकदा. पाच इंचीवर टाकला तेव्हा तसं वाटलं नव्हतं.

तिनं पाच इंचीचं खोकं पिशवीत ठेवलं. निघताना रुमालाची घडीही घेतली.

“विचारायचं राहिलं,” पायरीवर ती वळली. “त्या पेटीवाल्यानं काय विचारलं होतं तुम्हाला?”

मास्तर प्रसन्न हसले. “त्यानं विचारलं, ‘यात मी दिसतो ते कळलं. पण मी दिसत असताना तू कुठं असतोस?’”

…

शुक्रवारी हेमलतानं शेजारच्या चौघींना बोलावलं. मुक्ताला शाळेतून लवकर आणलं. परसात पाट मांडला, आघाड्याची माळ केली, दूध-फुटाण्यांचा नैवेद्य दाखवला. पाटाच्या रेषेत स्टँड लावून तिनं फोकस बांधला, दोनदा तपासला, मॉनिटर लेन्सच्या बाजूला खाली बसवला. बटण दाबलं. आणि जिवतीचं नाव घेऊन मॉनिटरवर रुमाल टाकला.

मग ती स्टँडच्या पायाशी, आत्यांच्या समोर येऊन बसली. मुठीत अक्षता घेतल्या.

आत्यांनी तिच्याकडं निरखून पाहिलं. “आलीस का गं?” म्हणाल्या. “बरेच दिवस दिसली नाहीस.”

तीन शुक्रवार ती त्यांच्यासमोरच होती.

…

शनिवारी सकाळी ती स्टुडिओत आली तेव्हा मास्तर लेन्स पुसत बसले होते. तिनं फुटाण्यांची पुडी त्यांच्या हातावर ठेवली.

“झालं?”

“झालं. पण चुका आहेत, मास्तर. एकदा आत्या पुढं झुकल्या, तेवढं धूसर आलंय. आणि माझा आवाज जागोजागी आलाय. हूं, हूं, सारखं हूं. आत्यांपेक्षा माझंच जास्त ऐकू येतं. तेवढं कापून टाकू?”

“दाखव.”

तिनं कॅमेरा टेबलावर ठेवला, मॉनिटर त्यांच्याकडे फिरवला. मास्तरांनी थोडा वेळ तिरप्या मानेनं पाहिलं. मग डोळे मिटले. फुटाणे खाल्ले नाहीत, मुठीत तसेच धरले.

कहाणी चालू राहिली. आत्यांचा बसका आवाज, मागून पाच-सहा जणींचं हूं. जिवतीनं दारातून विचारलं, तिथं मुक्ताचा बारीक आवाज सगळ्यांच्या आधी आला. मग दार उघडलं, जिवती आत आली, तिला पाट मिळाला, दूध मिळालं. ज्या घरी ती बसली त्या घरची पोरंबाळं नांदू लागली. आत्यांना धाप लागली. त्या थांबल्या. कुणी खूण केली नाही. सगळ्या थांबून राहिल्या…

मग आत्यांनी शेवट सांगितला, त्यांच्या आईनं त्यांना सांगितला होता तसा.

“ऐकलीत ना बायांनो? मग एवढं माझं मागणं. दाराशी येऊन कुणी विचारलं, ‘कुणी आहे का गं घरात,’ तर हातातलं काम खाली ठेवा, तोंड दाराकडं करा, आणि तुम्हीही तसंच म्हणा…”

मॉनिटरवर बायकांनी एकसुरात उत्तर दिलं.

तो आवाज विरून गेला.

हेमलतानं बटणाकडं हात नेला. “मग, मास्तर? कापू?”

मास्तरांनी डोळे उघडले नाहीत. मूठ आणखी घट्ट केली.

“आहे, माय,” ते म्हणाले. “आहे.”