एक मागं ठेवायचं

“मग घरात ठेवू की देऊन टाकू, बाबा? तेवढं सांगा.”

हौसाच्या मांडीवरच्या पिशवीतून काबऱ्या कोंबडीची मान बाहेर आली होती. लग्नाला तीन महिने झाले होते. सासर दोन खोल्यांचं, अंगण नाही. माहेराहून आणलेली काबरी घरातच वावरायची, हौसाच्या पत्र्याच्या ट्रंकेवर निजायची.

गावाबाहेरच्या तकियात, आपल्या झोपडीपुढच्या ओट्यावर, अमीनबाबा फकीर बशीतल्या चहाला फुंकर घालत होते.

“घरचे काय म्हणतात?”

“हे म्हणतात, एकीला मागणी घातली, दोघी आल्या. सासूबाई म्हणतात, अंडं देईना झालीय, रविवारी रस्सा करू.”

“आधी देत होती?”

“रोज. ट्रंकेमागच्या चिंध्यांत. आता नुसती दाराशी उभी राहते. पाय बांधलाय म्हणून, नाहीतर कधीच गेली असती.”

“कुठं?”

“माहेरी.”

“कुणाच्या?”

हौसा पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली...

बाबांनी कोंबडीला बाहेर काढून पायाची दोरी सोडली. काबरी दोन पावलं चालली, वाटेकडे तोंड करून उभी राहिली.

“कोंबड्यांतलं कळतं तुला?”

हौसाची मान ताठ झाली. “आईच्या वीस कोंबड्या माझ्या हाताखाली वाढल्यात. कोंबडीनं जागा धरायला हवी ना, तर सगळी अंडी उचलायची नाहीत. एक मागं ठेवायचं. ते बघून ती तिथंच परत येते. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, बाबा.”

“मग ट्रंकेमागं किती ठेवलीस?”

“एकही नाही.” तिचा आवाज खाली आला. “पडलं की गरम गरम सासूबाईंच्या हातावर. म्हटलं, कामाची आहे हे दिसू दे त्यांना.”

मग काबरीकडे बघत म्हणाली, “दोघीही कामाच्या आहोत.”

बाबांनी ओट्याकडेचा एक गुळगुळीत पांढरा गोटा उचलून तिच्या तळहातावर ठेवला. अंड्याएवढाच होता.

“दगड आहे हा. तिला कळेल की.”

“कळतं त्यांना. तरी बसतात.”

हौसाला हसू आलं. ते पुरतं आलं नाही. काबरी अजून वाटेकडेच बघत होती.

“हिचं बरं आहे, बाबा. हिला दाराशी उभं राहता तरी येतं.”

“आई आठवण काढत असेल.”

“काढत असेल.” तिनं गोटा पदरानं पुसला. “सगळं दिलं तिनं, भांड्यांवर नाव घालून. माझी लहानपणापासूनची जेवायची पितळी तेवढी ठेवून घेतली. मागितली, तर म्हणाली, राहू दे इथं. एवढ्याशा पितळीत जीव अडकला तिचा. मला लागलं ते. निघताना धड बोललेही नाही तिच्याशी.”

“कोण जेवतं त्यात?”

“कोणी नाही. धाकटीचा निरोप होता, आई रोज घासते आणि पालथी घालते.”

बाबांनी बशी खाली ठेवली.

“पोरी, कोंबडी काय बघून परत येते म्हणालीस?”