हाकेला ओ देणारा उसासा

खरं तर माणूस खाली असताना ही गोष्ट सांगायची नसते. आईला हे काम शिकवणाऱ्या चंपाकाकूंनी बजावलंय मला. पण तुम्ही दुसऱ्या शहरातून पाण्याचं काम शिकायला आलात आणि विचारलंत, म्हणून सांगते. जरा इकडे निंबाखाली या, उसाशाजवळ नको. आज आई खाली उतरली आहे. साळीआळीची पाणराखीण होण्याआधीचं तिचं हे शेवटचं शिक्षण.

ती छातीएवढी विटांची बुरुजी दिसते ना, तिला आम्ही उसासा म्हणतो. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात येतं. बोगद्यात कोंडलेली हवा इथून बाहेर पडते. प्रत्येक आळीला असा एक उसासा आहे, आणि एकावरही झाकण नाही.

पूर्वी लाकडी जाळीची झाकणं होती, असं सांगतात. बोगद्याची वाट तेव्हा फक्त राखणदाराच्या घराला माहीत असे. एका उन्हाळ्यात शहरात पटकीची साथ आली. राखणदारही आजारी पडला, आणि त्याच वेळी साळीआळीच्या हौदाचं पाणी आटू लागलं. तेव्हा त्याची सून येसाई कोयता आणि दिवा घेऊन एकटीच खाली उतरली. हे फक्त सासूला, गोदाईला, ठाऊक होतं.

साथीत लोकांना पटकीइतकीच हाकामारीची भीती होती. ती म्हणे ओळखीच्या आवाजात नाव घेऊन बोलावते, आणि ओ दिली की माणूस रक्त ओकून मरतो. भर दुपारी, आळीत चिटपाखरू नसताना, या उसाशातून हाक आली.

"सदूभावजी! अहो सदूभावजी, दिवा विझला, दोर टाका!"

समोरच्या घरातला सदू दारातच थिजला. त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात दाबला. "गप! ओ देशील तर जाशील."

मग हाकेत दुसरं नाव आलं, मग तिसरं. येसाई घरोघरची नावं घेत होती. जसजशी नावं वाढली तसतशी दारं लागत गेली. शेवटी ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही तरी बोला."

गोदाईने आवाज ओळखला होता. पण दारात नातू खेळत होता; हाकामारी असली तर घरावर येईल, या भीतीने तिने ओ दिली नाही.

चार पुरुषांनी कानात बोळे घालून उसाशावर शिळा ओढली. मग हाक ऐकू आली नाही.

दुसऱ्या दिवशी हौद पूर्ण कोरडा पडला. हवा कोंडली की पाणी अडतं, हे आळीत कुणाला माहीत नव्हतं. गोदाईने रडत, शिव्या देत लोकांना ओढून आणलं आणि शिळा काढायला लावली. थोड्या वेळाने हौदात पाणी कोसळलं. पाण्याबरोबर पिंपळाची मुळं वाहत आली, कोयत्याने तोडलेली. येसाईने काम पुरं केलं होतं. ती मात्र सापडली नाही.

गोदाई उरलेला जन्म या बुरुजीशी बसून राहिली. झाकण ठेवू देईना. बोगद्याची वाट एकाच घरात राहायला नको म्हणून आळीआळीतून माणसं निवडून तिने ती शिकवली. खाली उतरायचं शिकवण्याआधी ती त्यांना एकच गोष्ट शिकवी: वरून ओ द्यायला.

तुमच्यातले ते दादा मघाशी विचारत होते, मोबाइल नेला तर? खाली रेंज नसते. आणि असती तरी रीत बदलली नसती. आता हवा तपासायचं यंत्र आहे, हेल्मेट आहे, पालिकेचे साहेबही येतात. तरी आजही उतरणारीने आपल्या आळीच्या उसाशाखाली थांबून घरच्या माणसाचं नाव घ्यायचं, आणि ओ आल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. परक्याची ओ चालत नाही. वर उसाशाशी उभ्या असलेल्या घरच्या माणसाने जागा सोडायची नसते, कारण एकदा का खालच्या माणसाला वाटलं की वर कुणी

"वैजू! अगं तिथे काय करतेस? उसाशातून केव्हाची हाक मारतेय तुझी आई!"