गवताच्या वाघाची शाळा

फार फार पूर्वी, जंगलांना अजून नावंही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी चितळांचा एक कळप राहत असे. त्या कळपातल्या एका म्हाताऱ्या हरणीला चैन म्हणून नव्हती. दुपारी सगळा कळप सावलीत रवंथ करत बसला, की ही आपली उभी. एक कान इकडे, एक कान तिकडे. वाळलं पान वाजलं तरी दचकायची.

तिला कारण होतं. गेल्या उन्हाळ्यात तिची तरणीताठी लेक वाघानं नेली, तीही तिच्या डोळ्यांदेखत. मागे राहिलं लेकीचं एक चिमुकलं पाडस, सारखं आजीच्या पायांत घोटाळणारं. 'हिला तरी वाघाच्या तोंडी जाऊ देणार नाही,' असं हरणीनं मनाशी पक्कं केलं होतं. पण नातीनं वाघ पाहिलेलाच नव्हता. तिलाच काय, कळपातल्या एकाही पाडसाला तो ठाऊक नव्हता. आणि वाघ काही शिकवणीला बोलावता येत नाही.

शेजारच्या झाडांवर वानरांची टोळी होती. चितळांचा आणि वानरांचा जुना घरोबा. वानरं वरून पाला नि फळं टाकायची, चितळं खाली खायची. वानरांना उंचावरून वाघ दिसला, की ती 'खॅक् खॅक्' ओरडायची आणि चितळं धूम ठोकायची. या टोळीत एक म्हातारा हुप्प्या होता. हाताचा मोठा कसबी, आणि त्याला त्याचा थोडा तोराही होता.

हरणी त्याच्या झाडाखाली जाऊन म्हणाली, "हुप्प्याभाऊ, मला एक वाघ करून द्या."

हुप्प्यानं डोकं खाजवलं. "बाई, सगळं जंगल वाघ टळावा म्हणून देवाला साकडं घालतं. तुम्ही तो मागून घेताय?"

"खोटा हवाय. पोरांना शिकवायला."

हुप्प्या कामाला लागला. करवंदीच्या काटक्यांचा सांगाडा, वर वाळलेलं गवत, वणव्यात जळालेल्या लाकडाच्या कोळशानं ओढलेले पट्टे, मिशांना लांब कुसळं. वाघ असा उतरला, की करणाराच दोनदा मागे सरला. तो पळसाखाली उभा केला आणि शाळा सुरू झाली.

रोज सकाळी हुप्प्या पळसावर चढून 'खॅक् खॅक्' अशी हाक द्यायचा. हाक आली, की पाडसं धावत यायची आणि वाघासमोर रांगेत उभी राहायची. मग हरणी सांगायची, "कान टवकारा. पाय आपटा, म्हणजे बाकीच्यांना कळेल. शेपटी वर. आणि पळायचं ते झाडीत नाही, मोकळ्या माळाकडे."

पहिल्या दिवशी वाघ पाहून पाडसं अशी उधळली, की निम्मी शोधून आणावी लागली. हळूहळू मात्र ती तरबेज झाली. नात तर सगळ्यांत हुशार. हरणीचा शब्द संपायच्या आत ती माळावर पोचलेली असायची.

एक पाडस तेवढं मागे पडायचं. भित्रं, आणि त्यात प्रश्न विचारायची खोड. एकदा ते म्हणालं, "आजी, या वाघाला वास कसा नाही?"

"गवताला गवताचाच वास येणार. तू पाय आपट."

"पण खऱ्या वाघाला येत असेल ना?"

"बाळ, सगळी माळावर पोचली आणि तू इथंच. आधी पळायला शीक, मग वास हुंग."

बाकीची पाडसं हसली. भित्र्यानं पाय आपटला.

उन्हाळा चढत गेला. पाडसं आता वाघाला भीत नव्हती. तुम्ही म्हणाल, बरंच झालं. म्हणा. नात त्याच्या पाठीला अंग घाशी, आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून मिशीचं कुसळ चघळी. कळपाचा नायक, मोठ्या शिंगांचा चितळ, एकदा शाळा पाहून गेला आणि म्हणाला, "आजी, आता तरी स्वस्थ बसा. पोरं तयार झाली तुमची." त्या दुपारी म्हातारी कित्येक दिवसांनी पाय दुमडून सावलीत बसली. रवंथ करता करता तिला डुलकीसुद्धा लागली.

आणि मग एके सकाळी खरा वाघ आला.

पाणवठे आटले होते, म्हणून तो डोंगर उतरून आला होता आणि पळसाजवळच्या उंच गवतात दबा धरून बसला होता. झाडावरून हुप्प्यानं त्याला पाहिलं. सगळा जीव गोळा करून तो ओरडला, "खॅक्! खॅक्!"

त्याच्या आवाजातली भीती ओळखून मोठी चितळं माळाकडे सुटली. आणि सगळी पाडसं, एकूण एक, पळसाकडे सुटली.

शाळा भरली होती ना! रोज तीच हाक, तीच वेळ, तेच झाड. हुप्प्या घाबरून आणखी मोठ्यानं ओरडू लागला, तशी पाडसं आणखी जोरात धावू लागली. त्यांना वाटलं, आज उशीर झालाय.

मोकळ्यावर पोचलेल्या हरणीनं मागे वळून पाहिलं. तिनंच लावलेली सवय होती ती. ती उलटी पळत सुटली.

पाडसं रांगेत उभी राहिली. पळसाखाली एक वाघ उभा होता. पलीकडच्या गवतात दुसरा बसला होता.

"आज हुप्प्याआजोबांनी दोन केलेत," नात म्हणाली. "आणि हा दुसरा किती छान जमलाय!" आणि ती जवळून बघायला पुढे निघाली.

तेवढ्यात वारा फिरला. भित्र्या पाडसाच्या नाकपुड्या फुलल्या. हा वास त्याला कुणी शिकवला नव्हता, तरी त्याचं अंग थरथरलं. त्यानं दाणकन पाय आपटला. "पळा! याला वास येतोय!"

शेपट्या वर झाल्या, पाडसं माळाकडे उधळली. नात वळली, पण ती सगळ्यांच्या पुढे गेली होती. वाघानं झेप घेतली. नातीनं गवताच्या वाघाआड उडी मारली, म्हणून पंजाचा बराचसा जोर त्या गवतावर गेला. उरलेला तिच्या मागच्या पायावर बसला. काटक्या मोडल्या, गवत उडालं. वाघाच्या पंजात करवंदीचे काटे रुतले. तो ते झटकेपर्यंत हरणीनं नातीला ढुशा देत देत माळावर नेलं.

जीव वाचला. पाय मात्र कायमचा अधू झाला.

नायक संतापला. "ती शाळा बंद करा. असल्या खोट्या वाघानंच घात केला."

हरणी मान खाली घालून उभी होती. बोललं ते भित्रं पाडस. "पाय आपटायचा आणि माळाकडे पळायचं, हे मला त्या वाघानंच शिकवलं. वास तेवढा राहिला होता."

हरणी त्याच्याजवळ गेली. "बाळ, तू विचारलं होतंस आणि मी तुला गप्प केलं. चुकले मी."

शाळा पुन्हा सुरू झाली. हुप्प्यानं नवा वाघ केला, पण शाळेसाठी हाक देणं सोडलं. ती हाक आता फक्त खऱ्या वाघासाठी राखलेली. गवताचा वाघ कधी नाल्यात असे, कधी जाळीत निम्मा लपलेला. आणि धडा संपला की म्हातारी रोज एकच प्रश्न विचारी, "या वाघात काय कमी आहे?"

"वास," भित्रं पाडस म्हणे.

"हालचाल," दुसरं कुणी म्हणे. "गुरगुर." "नखं."

एकदा सगळी उत्तरं संपली आणि पाडसं चुळबुळू लागली. तेव्हा मागून लंगडत नात पुढे आली. त्या दिवशी तिनं वाघाचे डोळे जवळून पाहिले होते.

"भूक," ती म्हणाली.

म्हातारीनं नातीचं कपाळ चाटलं आणि ती पुन्हा कान टवकारून उभी राहिली. त्यानंतर ती कधी रवंथ करायलाही बसली नाही, असं म्हणतात.

तात्पर्य : नमुन्यावरून जरूर शिकवावं, पण नमुन्यात काय नाही हे ज्यानं सांगितलं नाही, त्याचं शिकवणं अर्धंच राहिलं.