माळखेरीची आगाऊ येळवस

मांजरेकाठच्या गावांत येळवस होते मार्गशीर्षातल्या अमावास्येला. शेतात कडब्याची कोपी, म्हणजे छोटी खोप, उभी करतात, आत पाच दगड मांडून त्यांना पांडव म्हणतात आणि आंबील-भज्जीवर आडवा हात मारतात. एकट्या माळखेरीची येळवस दोन महिने आगाऊ, ऐन दिवाळीच्या अमावास्येला. तेव्हा भज्जीत शिजवायच्या हिरव्या शेंगाही आलेल्या नसतात. आसपासचे म्हणतात, माळखेरीकरांना महिने मोजता येत नाहीत. ते खरंच आहे, पाहुणेहो, पण येळवशीचं कारण निराळं.

फार मागं, पितरपाटात, पहाटे धरणी हलली म्हणे. घरं माळवदाची, डोक्यावर हातभर मातीचं ओझं. ती जागच्या जागी बसली. बाहेर होते ते वाचले. कोण कशाला बाहेर होतं ते विचारू नये; तांब्या घेऊन गेलेले बरेच वाचले.

केवळाबाई नावाची म्हातारी रडकी नात खांद्यावर घेऊन अंगणात फिरत होती. लेक-जावई आत राहिले. चार महिन्यांची नात तेवढी उरली.

महिना उघड्या रानात गेला. बाभळीला लुगडी बांधून माणसं पडलेली. भिंत घालायचं नाव काढलं की सगळे एकच म्हणत, “डोक्यावर काई नगं.” मग वारं फिरलं. पहाटे लुगडी दवानं जड व्हायला लागली. आधी सुताराचं लेकरू गेलं, मग जुळ्यांतलं एक. केवळाबाईची नात रडायची थांबली आणि नुसती खोकायला लागली. म्हातारी तिचे तळवे चोळचोळ चोळायची. ते गरम होत नव्हते.

गावातल्या कडब्याच्या गंज्या त्या पहाटे दिवे कलंडून जळाल्या होत्या. उरली होती एकच, अंबादास पाटलाची. पाटलाचे दोन्ही लेक माळवदाखाली गेलेले. तो काठी घेऊन गंजीला टेकून बसायचा आणि गावचे उरलेसुरले बैल तिच्यावर जगवायचा.

“लेकराला आडोसा करते, पाटील. चार पेंढ्या द्या.”

“माणसं मेली, केवळे. आता बैलबी मारू? मग पेरायचं कुणी, तू?”

पाटील चुकीचं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. म्हातारी रिकाम्या हातानं परतली.

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. येळवशीची एक जुनी रीत आहे : पांडवांच्या कोपीला मागितलेला कडबा नाकारायचा नाही, नाकारला तर पीक रुसतं. आणि पंचांग सांगणारे जोशीबुवा ढिगाखाली गेलेले. तिथीचा जाब विचारायला गावात कुणी उरलंच नव्हतं.

सकाळी म्हातारी पुन्हा गंजीपाशी उभी.

“पाटील, आज येळवस. पांडवांना कोपी करायचीय.”

“येळवस? अगं, दिवाळी हाय की आज.”

“कुणाच्या घरी?” म्हातारीनं विचारलं.

पाटील उठला आणि अकरा पेंढ्या ओढून दिल्या. तिच्या मागं सुताराची बायको आली, तिच्या मागं आणखी एक. दुपारपर्यंत तीस जणी झाल्या.

“पांडव किती गं, केवळे?”

“पाचच. पण भावाभावांत पटंना झालंय बगा. समदे येगळे निघालेत.”

पाटलाला हसू आलं. ते त्याचं त्यालाच आवडलं नाही.

दिवस कलता तीस कोप्या उभ्या राहिल्या, पण आत पाय टाकायला कुणी धजेना. “शिरा की आत!” म्हातारी ओरडली. “कडबा अंगावर पडला तर शिंकाल, मरायचे न्हाई.” तिनं पाच दगड उंबऱ्याबाहेर मांडले आणि नातीला आत निजवलं.

“देव भाईर?” पाटील म्हणाला.

“बारा वर्सं वनवास काढलाय त्यांनी. त्यांना सवय हाय. तुमी या आत.”

“मी नगं. बैल कोप्या खातील, राखतो.”

बैलांचं निमित्त होतं, म्हणतात. छपराखाली त्याचा जीव गुदमरायचा. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. पाटील बैलांना बाभळीच्या शेंगा चारायचा, कोप्यांवरून हाकलायचा आणि अंगावरची घोंगडी रोज कुणा लेकराला देऊन मोकळा व्हायचा. “आत या,” केवळाबाई रोज म्हणायची. “जागा न्हाई तुज्यात,” तो रोज म्हणायचा.

पौषातल्या एका सकाळी तो तिच्या कोपीबाहेर, पाच दगडांच्या ओळीत बसलेला दिसला. नात तोवर रांगायला लागली होती. तीच आधी त्याच्यापाशी पोचली आणि त्याचं गार बोट धरून ओढत बसली.

त्या हिवाळ्यात बैल एकही मेला नाही, असं सांगतात. मी जन्मभर बैल राखलेत, माझा काही विश्वास नाही. कोपीतलं एकही लेकरू गेलं नाही, यावर मात्र आहे.

आजही माळखेरीच्या कोपीत देव नसतो, लेकरं निजवतात. दगड बाहेर असतात, आणि ते सहा असतात. पूजा उरकली की बायका सहाव्या दगडावर घोंगडी पांघरतात. बाकीच्या पाचांना का नाही, असं कुणी पाहुणा विचारतोच.

“ते देव हैत,” बायका म्हणतात, “त्यांचं ते बगून घेतील.”