येसूचा बांध

फार मागची गोष्ट आहे. तेव्हा खाडीकाठच्या गिमखोल गावात भात पिकत नव्हतं. उधाण आलं की खारं पाणी शेतं ओलांडून थेट चुलीपर्यंत यायचं. लोक वरच्या कातळाशी नाचणी पेरून कसंबसं पोट भरायचे.

त्या गावात येसू लग्न होऊन आली. तिचा बाप बांध घालणारा, त्याच्या हाताखाली चिखल तुडवत ती वाढलेली. पहिलंच उधाण बघून तिने ठरवलं, इथे बांध घालायचा.

पण सासू राही आडवी आली. तिचा नवरा असाच बांध घालायला गेला, तो परतलाच नव्हता. सुनेवर तिचा जीव होता, म्हणूनच ती म्हणाली, "एक माणूस दिलं मी खाडीला. दुसरं देणार नाही." येसूचा नवरा धाकू आईच्या शब्दाबाहेर नव्हता.

येसू भांडली नाही, पण थांबलीही नाही. घरचं आवरून ओहोटीला एकटीच मातीचे गोळे रचायची, आणि भरती ते घेऊन जायची. धाकू लांबून बघायचा. एका सकाळी तो दगडांची पाटी घेऊन तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. दोघांचे हात लागलेला दगड खाडीला हलवता येईना, असं म्हणतात.

शेवटचं खिंडार तेवढं उरलं आणि भर दुपारी मोठं उधाण आलं. पाणी ताडाएवढं उभं राहिलं. माती ठरेना, तेव्हा येसू स्वतःच खिंडारात आडवी झाली. धाकूने तिला पाठीने रेटून धरलं. गाव कातळावरून बघत राहिलं.

राही मात्र उतरली. पदर खोचून, डोक्यावर मातीची पाटी घेऊन ती थेट पाण्यात शिरली आणि खाडीला म्हणाली, "माझा माणूस तुझ्यापाशी आहे. त्याची शपथ आहे तुला, या पोरीला हात लावू नकोस."

पाणी थबकलं आणि भरती सरायच्या आधीच माघारी वळलं, असं म्हणतात. मग सगळं गाव धावलं. सांजेपर्यंत खिंडार बुजलं. पुढे पावसांनी जमिनीतलं मीठ धुऊन नेलं आणि गिमखोलात भात डोललं. पहिला घास राहीने येसूला भरवला.

अजूनही नवी सून आली की सासू तिला येसूच्या बांधावर नेते आणि विचारते, "तुला काय करायचंय?" सून सांगते, सासू ऐकते आणि आपल्या हाताने बांधाला मातीचा गोळा लावते. परवा एक सून म्हणाली, मला होडी हाकायचीय. सासू क्षणभर खाडीकडे बघत राहिली. मग वाकली आणि तिने ओंजळभर माती उचलली.